सायकलीला तेल पाजू नका, हवा निम्मी करू नका

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला पालकांच्या चार ग्रुपवरून आला. 'सायकल दहा वर्षं टिकवायचे पाच उपाय' असा त्याचा मथळा. उपाय असे: चेनला दर आठवड्याला मोटरसायकलचं काढलेलं ऑइल भरपूर सोडा, उन्हाळ्यात हवा निम्मीच ठेवा, नाहीतर ट्यूब फुटते, वॉशिंग सेंटरवर प्रेशरच्या पाण्यानं सायकल धुऊन घ्या, ब्रेक कुरकुरला तर रबराला तेलाचं बोट लावा, आणि सपाट मुलखात गिअरची सायकल घेऊ नका, गिअर रोज बिघडतात.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवतो. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर आठवी ते बारावीच्या मुली आमच्याकडं तीन-चार किलोमीटरवरून येतात. सायकल बसली की त्या दिवशी त्या मुलीची शाळा बुडते. म्हणून हा मेसेज नुसता पुसून टाकून मला स्वस्थ बसवत नाही.

आधी तेल. चेनला तेल लागतं ते आत, जिथं पीन आणि रोलर एकमेकांवर फिरतात तिथं. बाहेरच्या पट्ट्यांवर साचलेलं तेल धूळ धरण्यापलीकडं काही करत नाही. आणि आपल्याकडची धूळ रेगडीची. एप्रिल-मेमध्ये पांदीनं उडणारी ही माती पिठासारखी बारीक असते. तेलात कालवली गेली की तिचा लगदा होतो आणि तोच आत शिरून पिना घासत राहतो. इंजिनातून काढलेल्या ऑइलमध्ये तर काजळी आणि धातूचा बारीक कीस आधीच असतो.

फेब्रुवारीत नववीतल्या एका मुलीचे वडील तिची सायकल घेऊन आले. चेन सारखी उतरत होती. 'सर, तेल तर दर हप्त्याला घालतो, मेसेजमधी तसंच म्हणलंय,' असं ते कळकळीनं सांगत होते. त्यांनी हयगय केलीच नव्हती, सांगितलेलं इमानदारीनं केलं होतं, याचं मला जास्त वाईट वाटलं. चेन पुसून मोजली. चेनची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे चोवीस कड्यांचे पिनेपासून पिनेपर्यंत बरोबर बारा इंच भरायला हवेत. इथं दीड सूत जास्त भरलं (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). लोक म्हणतात चेन ताणली. पट्ट्या ताणल्या जात नाहीत; आतल्या पिना झिजतात आणि प्रत्येक कडीत थोडी थोडी ढिलाई येते. अशी चेन फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्राचे, दातेही खाते. त्या सायकलीचे दाते टोकदार झाले होते, जुन्या दात्यांवर नवी चेन बसेना, शेवटी दोन्ही बदलावं लागलं. गिअरच्या सायकलीला अर्धा सूत वाढलं की चेन बदलावी, बिनगिअरच्या सायकलीला एक सुतापर्यंत चालवता येते.

तेल घालायची रीत सोपी आहे. चेन सुती फडक्यानं कोरडी पुसा. शिलाई मशीनचं पातळ तेल प्रत्येक रोलरवर एक थेंब सोडा, पायडल उलटं फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. खूपच काजळी धरली असेल तर आधी डिझेलनं धुवा. रॉकेल आता कुठं मिळतंय? ओव्हरहॉलिंगला आपल्याकडं सगळेच 'ओव्हरऑइलिंग' म्हणतात. त्या शब्दानंच जास्त तेलाची सवय लावली असावी, असं मला वाटतं.

दुसरा मुद्दा हवेचा. ही भीती खोटी नाही, मे महिन्यात दुपारी ट्यूब फुटतात हे मीही पाहतो. पण कारण वेगळं आहे. २५ अंशांवर ५० पौंड हवा भरली आणि ती ४५ अंशांपर्यंत तापली, तरी दाब चार-साडेचार पौंडांनीच वाढतो. तेवढ्यानं धडधाकट ट्यूब फुटत नाही. फुटते ती जुन्या पंक्चरचं सोल्यूशन उन्हानं सुटल्यामुळं, किंवा टायरची बाजू चिरून तिथून ट्यूब फुगून बाहेर आल्यामुळं. आणि टायरची बाजू चिरते ती बहुतेक वेळा कमी हवेवर सायकल हाकल्यानंच. निम्म्या हवेत मागं धाकटी बहीण बसली आणि चाक खड्ड्यात आदळलं, की ट्यूब रीम आणि दगडाच्या मध्ये चिमटते. शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर तो काटा नव्हे, ती कमी हवा. टायरच्या बाजूवर आकडा छापलेला असतो. ती वरची हद्द असते. मुलीच्या वजनाला त्याहून थोडी कमी ठेवावी, निम्मी नको.

पंक्चर सराट्याचं किंवा बाभळीच्या काट्याचं असेल तर टायरच्या आतून फडकं फिरवून बघा. मोडका काटा तिथंच राहतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पंक्चर होतं.

प्रेशरचं पाणी हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, शिरतं, ग्रीस धुऊन नेतं, मग छर्रे गंजतात. बादली आणि ओलं फडकं पुरतं.

ब्रेकच्या रबराला तेल कधीही, कुणीही लावू नये. तेल लागलेलं रबर रीमवर घसरतं आणि सायकल थांबत नाही. हे कुणाच्या सायकलीला केलं असेल तर आजच रबर बदला आणि रीम साबणानं घासून काढा. कुरकुर सहसा रबरात रुतलेल्या खड्यामुळं किंवा गुळगुळीत झालेल्या पृष्ठभागामुळं असते. काचकागदानं घासलं की जाते.

गिअरबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. चार किलोमीटरच्या शाळेसाठी बिनगिअरची सायकलच बरी, हे माझंही मत. पण मुलूख सपाट म्हणून गिअर निरुपयोगी, हे चूक. जून-जुलैत पश्चिमेचा वारा तोंडावर घेऊन जाणारा माणूस चढच चढत असतो. गिअर रोज बिघडतात हेही खरं नाही. नवी केबल सुरुवातीला थोडी ढिली पडते, चेन मोठ्या चक्रावर चढत नाही. तेव्हा मागच्या गिअरजवळचा केबलचा गोल स्क्रू अर्धा फेरा डावीकडं फिरवला की बहुतेकदा काम होतं. तेवढ्यानं भागलं नाही तर गिअर लटकतो तो हँगर वाकलाय का बघा. रांगेतल्या सायकली उजव्या अंगावर आडव्या पडतात, तेव्हा तो वाकतो.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मी सायकल स्टँडपाशी बसतो. ज्यांना चेन मोजून हवी त्यांनी यावं. येताना स्टीलची पट्टी आणा. प्लॅस्टिकच्या पट्टीवर अर्धा सूत नीट कळत नाही.