शुद्धिपत्र काढायचंय? आधी आत्याला आवरा

आपलं घराणं अस्सल, निर्भेळ, बिनमिसळीचं आहे हे सिद्ध करायचं असेल, तर सगळ्यात आधी घरातल्या म्हाताऱ्या बायकांना गप्प करा. ताम्रपट, मोडी कागद, गोत्र-प्रवर हे सगळं मागाहून. पुरुषांच्या आठवणी आडनावापाशी येऊन थांबतात. बायकांच्या थेट स्वयंपाकघरात शिरतात, आणि भल्याभल्या घराण्यांचा घात तिथेच होतो.

आमचा कुलवृत्तांत निघायचा होता. ठाण्याला नौपाड्यात नानाकाकांच्या दिवाणखान्यात बैठक. टीपॉयवर वंशवृक्षाची गुंडाळी पसरलेली, ती परत मिटू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार स्टीलचे पेले. 11 पिढ्या, 67 पुरुष. काका वाचत होते, मी उतरवून घेत होतो. बापूंच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या आईपाशी आले. 'भार्या लक्ष्मीबाई, माहेर : कोकण.' तेवढ्यात पंख्याखालून आत्या म्हणाली, "आजीच्या माहेरी लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला जायचे. बँड लावून. आणि मसाला ती बिअरच्या बाटलीतच भरायची हो!"

आत्या 86 वर्षांची आहे. आमच्या घरात बिअर कुणीच पीत नाही, पण तपकिरी बाटल्या मात्र पिढ्यान्‌पिढ्या माळ्यावर आहेत. मे महिन्यात मिरच्या वाळल्या, भाजून कुटून झाल्या, की आत्या एकेक बाटली दोन पायांत धरते, चमचाभर मसाला सोडते, वरून काठीने ठासते, पुन्हा चमचाभर सोडते. वारासुद्धा आत राहता कामा नये. वर्षभर रंग उतरत नाही. ठाणे, साष्टी, वसईकडे ही पद्धत कुणाच्या घरात आहे आणि लग्नात उंबराचं पाणी बँड लावून कोण आणतं, हे इकडच्या कुठल्याही माणसाला विचारा. मराठीच बोलतात ते, रविवारी चर्चला जातात, आणि 1887 सालापासून स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात.

आता इथे नवखा माणूस गडबडला असता. नानाकाका चाळीस वर्षं वकिली केलेले. ते शांतपणे म्हणाले, "उंबर म्हणजे औदुंबर. लिहून घे : घराण्यात दत्तभक्तीची जुनी परंपरा." बाटलीची नोंद 'काचपात्र' अशी झाली. आत्याला दुसरा वडा वाढण्यात आला.

शिकायचं ते असं.

वंशावळीच्या भाषेतले तीन शब्द आधी पाठ करा : निस्संतान, परागंदा आणि दत्तक. ज्याचं लग्न आपल्याला मान्य नव्हतं, तो निस्संतान. त्याची नातवंडं कल्याणला दोन मजली घरात राहत असली तरी हरकत नाही. जो गेला कुठे हे सगळ्यांना ठाऊक आहे पण सांगायचं नाही, तो परागंदा. दत्तक हा तर फारच सोयीचा शब्द. मधूनच एक मुलगा बाहेरून आणायचा, होम करायचा, गोत्र बदलायचं आणि रेघ पुढे ओढायची. रक्त कुठून आलं हे कागद विचारत नाही. बडोद्याचे सयाजीराव कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरातून 1875 साली दत्तक गेले. शाहू महाराज कागलच्या घाटग्यांकडून 1884 साली कोल्हापुरात. दोघांनीही राज्य असं केलं की दत्तक पद्धत सक्तीची करावी असं वाटावं. पण तुम्हाला राज्य करायचं नाही, रक्त सिद्ध करायचं आहे, तेव्हा तिकडे फार वेळ रेंगाळू नका.

मग बायका. त्या तर वंशावळीत आपोआपच निघून जातात, कष्ट नाहीत. लग्नात नाव बदललेलं, माहेर एका शब्दात उरकलेलं. आमच्याकडे 11 पिढ्यांत पाच लक्ष्मीबाई आहेत आणि पाचही 'कोकणा'तल्या. महाराष्ट्राची किनारपट्टी सातशेहून अधिक किलोमीटरची. त्यातल्या कुठल्या दारातून आमच्या लक्ष्मीबाई आल्या हे विचारणं म्हणजे सासुरवाडीचा अपमान. स्वतःच्या आजीच्या आईचं माहेरचं पूर्ण नाव आत्ता, हे वाचता वाचता, सांगून बघा. नाही ना येत? शाब्बास, अर्धं काम झालेलं आहे.

गणिताच्या नादी अजिबात लागू नका. मुलगा दहावीत असेल तर त्याला खोलीबाहेर काढा. दोन आईवडील, चार आजीआजोबा, आठ त्यांच्या मागे, असं करत 10 पिढ्या गेलात की 1024 होतात. 20 पिढ्यांत 10,48,576. 30 पिढ्या, म्हणजे पिढी 25 वर्षांची धरली तर साधारण ज्ञानेश्वरांच्या जन्मापर्यंत, 1275 पर्यंत. तिथे तुमच्या पूर्वजांच्या जागा भरतात 107 कोटी. तेवढी माणसं तेव्हा अख्ख्या पृथ्वीवर नव्हती. म्हणजे तेच तेच पूर्वज शंभर वाटांनी तुमच्यात आले, आणि शेजारच्या फ्लॅटमधल्याच्याही आले. ज्याच्याशी तुम्ही पार्किंगवरून भांडता, तोच. ज्ञानेश्वरांचा विषय निघालाच आहे म्हणून : संन्याशाची पोरं म्हणून त्या चार भावंडांना पैठणहून शुद्धिपत्र आणायला सांगितलं गेलं, आणि ते मिळवण्यासाठी रेड्याला वेद म्हणावे लागले, असं परंपरा सांगते. तुमच्या सोसायटीत रेडा पाळायला परवानगी नसणार. तेव्हा कागदावरच भागवा.

सगळ्यात महत्त्वाचं, ठाण्यात राहत असाल तर ठाण्यात फिरू नका. घोडबंदर रोडवर तिसाव्या मजल्यावर घर घ्या आणि खाली उतरू नका. (घोडबंदर नाव अरबी घोडे उतरायचे म्हणून पडलं असं म्हणतात. घोडे एकटे पोहत आले असं समजा.) टेंभी नाका तर कटाक्षाने टाळा. नवरात्रात जायचंच झालं तर मान खाली घालून जा, कारण तिथे 1879 सालचं सिनेगॉग आहे. नावाचा अर्थ स्वर्गाचं द्वार. तिथे येणारी मंडळी पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी. घरात मराठी, मनौतीला मलिदा. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून आले आणि तेलाचे घाणे चालवू लागले असं ती सांगतात. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. म्हणजे '-कर' ऐकून तुम्ही मुलीच्या स्थळाला होकार कळवाल आणि मंडळी यहुदी निघतील. तिथून जवळच अग्यारी. मासुंदा तलावाकाठी चर्च, पलीकडे कोपिनेश्वर. ज्या तुरुंगाच्या भिंतीशेजारून रोज रिक्षाने जाता तो पोर्तुगिजांचा किल्ला. सुमारे 200 वर्षं ते इथे होते, 1737 साली मराठ्यांनी ठाणं घेतलं, 1774 मध्ये इंग्रजांनी. जाताना पोर्तुगीज पगार, चावी, बादली, घमेलं, बटाटा आणि पाव ठेवून गेले. बाकी काहीच ठेवलं नाही. 200 वर्षं सगळे शिपाई संध्याकाळी सातला आपापल्या बराकीत झोपत असत.

"आम्ही मूळचे इथलेच, शिलाहारांपासूनचे" असं म्हणायची एक फॅशन आहे. चांगली आहे, फक्त शिलाहारांना मध्ये घेऊ नका. ते स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. ठाण्याचे राजे ठाण्यात बसून अभिमानाने सांगत की आम्ही बाहेरचे. वर वंश सांगत तो थेट जीमूतवाहन नावाच्या विद्याधराचा. आणि चिंचणीच्या ताम्रपटांना तर हातच लावू नका. चिंचणी आता पालघर जिल्ह्यात, 2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. 926 सालचा त्यातला एक पट सांगतो की राष्ट्रकूटांनी संजाणचा कारभार एका अरबाकडे दिलेला होता आणि त्याच्या अमलात देवी भगवतीच्या मठाला गाव दान मिळालं. गृहस्थाचं नाव मुहम्मद. पटावर कोरलंय : मधुमती. हजार वर्षांपूर्वीच कुणी तरी नानाकाका होऊन गेले होते.

आडनावाचा अर्थही शोधू नका. आमचं '-नीस'ने संपतं. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस, सगळ्यांच्या शेपटीला फारसी 'नवीस' आहे, लिहिणारा. काकांना हे ठाऊक आहे, म्हणून कुलवृत्तांतात 'आडनावाची व्युत्पत्ती' हे प्रकरण गाळलं. त्या जागी कुलदैवतावर आठ पानं घातली. तिथेही जपून बरं का. कुलदैवत खंडोबा असेल तर जेजुरीला वरपर्यंत जा, गडाच्या निम्म्यात थांबू नका, कारण तिथे बाणाई आहे. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची, शिवाय रंभाई शिंपीण आणि फुलाई माळीण. देवाने स्वतःच्या घरात काय केलं हा देवाचा प्रश्न, आपण भंडारा उधळायचा आणि स्थळं पोटजातीतली बघायची. एकवीरेला गेलात तर दर्शन घेऊन सरळ उतरा. बाजूच्या कार्ल्याच्या लेण्यात चैत्यगृहाच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, आणि त्यात धेनुकाकटचे यवन, म्हणजे ग्रीक, आहेत.

रूपावरून सिद्ध करायचा मार्ग जुना आहे. 'आमच्याकडे घारे डोळे आहेत' हे वाक्य ठाण्यात इतक्या वेगवेगळ्या जातींच्या लोकांकडून ऐकलंय की आता सर्वांत घारे डोळे आमच्या कोळणीचेच वाटतात. शास्त्रशुद्ध हवं असेल तर नाक मोजा. 1901 च्या जनगणनेचा साहेब, हर्बर्ट रिस्ले, याचा सिद्धान्तच होता की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. लोखंडी कॅलिपर घेऊन माणसं नाकं मोजत हिंडली. इरावती कर्वे यांना मात्र विचारू नका. त्या 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला कवट्या मोजायला गेल्या. तिथल्या मोठ्या प्राध्यापकाला गोऱ्यांची कवटी वेगळी निघायला हवी होती. बाईंनी मोजल्या आणि तसा फरक नाही असं लिहून दिलं. अशी माणसं समितीवर घ्यायची नसतात.

राहिली ती नळीत थुंकून पाठवायची चाचणी. ऐरोलीच्या माझ्या आतेभावाने हौसेने केली, बहिणीलाही करायला लावली. एकाच आईबापाची दोघं, आणि टक्के जुळेनात. प्रत्येक मूल आईबापाकडून अर्धं अर्धं घेतं, पण कुठलं अर्धं हे ज्याचं त्याचं. दहा पिढ्यांमागच्या कित्येक पूर्वजांचा तर तुमच्या अंगात अंशही उरत नाही. ज्याच्या नावाने मिशीला पीळ देता तो त्यातलाच निघायचा. घरात आठवडाभर अबोला होता. शास्त्रज्ञही त्रास देतात. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतले आणि हार्वर्डचे लोक मिळून 2013 मध्ये सांगून गेले की साधारण 4200 ते 1900 वर्षांपूर्वीच्या काळात इथले लोक एकमेकांत मनसोक्त मिसळले, जवळपास सगळेच, आणि मग हळूहळू मिसळायचे थांबले. यातून घ्यायचा बोध एवढाच की वंशावळ 1900 वर्षांच्या आतच आटोपती घ्या. आमची 11 पिढ्यांवर थांबते. सुरक्षित अंतर आहे.

कुलवृत्तांत छापून झाला. गडकरी रंगायतनच्या मागे एका छोट्या हॉलमध्ये प्रकाशन झालं, कंदी पेढे होते. छपाईत चुका राहिल्या होत्या म्हणून काकांनी शेवटी एक सुटा कागद घातला. वर ठळक अक्षरांत 'शुद्धिपत्र', खाली ओळी : पान 17, 'परगंदा' ऐवजी 'परागंदा' वाचावे. पान 41, 'माहेर : कोकण' ऐवजी 'माहेर : दक्षिण कोकण' वाचावे. दक्षिण, म्हणजे वसईपासून होता होईल तेवढं लांब.

आत्याची प्रत मी घरपोच नेऊन दिली. मे महिना होता. स्वयंपाकघरात खाली वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर लालभडक ढीग, शिंका आवरेनात. आत्याने पुस्तक चाळलं, सुटा कागद ओढून काढला, चष्मा कपाळावर सरकवून वाचला.

"जाड आहे रे कागद," ती म्हणाली. त्याची गुंडाळी करून टोक बाटलीच्या तोंडात खोचलं आणि मला म्हणाली, "धर नीट. सांडू नकोस."