चीवर म्हणजे नुसते भगवे कापड नव्हे

बौद्ध भिक्खूंचे चीवर म्हणजे अंगाभोवती गुंडाळलेले एकच अखंड भगवे कापड, असे सांगणारा मजकूर सध्या फिरत आहे; तो चुकीचा आहे.

विनयानुसार, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांनुसार, चीवरे तीन असतात: कमरेखाली अंतरवासक, खांद्यावरून उत्तरासंग आणि थंडीसाठी दुहेरी संघाटी, जी घडी घालून अंथरताही येते. कापड मुद्दाम तुकडे करून शिवतात. जवळून पाहिल्यास शिवणींच्या पट्ट्या भाताच्या खाचरांतील बांधांसारख्या दिसतात, कारण मगधातील शेते पाहूनच बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला ही रचना सुचवली, असे विनयपिटक हा या नियमांचा ग्रंथ सांगतो. रंगही पूर्वी मुळे, साली यांपासून काढत, म्हणून त्यात पिवळसर ते तपकिरी छटा आढळतात.

धम्मदीक्षा घेणाऱ्या उपासकांना, म्हणजे गृहस्थ अनुयायांना, चीवर लागत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी पांढऱ्या वस्त्रांतच दीक्षा घेतली होती.