बाटलीवरचं हवामान

गाडीच्या रंगावर चकाकीसाठी लावायच्या सीलंटच्या बाटलीमागे बारीक अक्षरांत जे हवामान मागितलेलं असतं, ते जानेवारीतल्या नाशकात मिळत नाही असं नाही. मिळतं, पण तुकड्यातुकड्यांनी. पत्रा गार हवा, पण १० अंशांच्या खाली नको. उजेड हवा, ऊन नको. हवा खेळती पाहिजे, धूळ नको. आणि काम झाल्यावर निदान १२ तास गाडीला पाण्याचा थेंब लागता कामा नये.

आता पहाटे १० अंश आणायचे कुठून? आम्हा नाशिककरांना थंडी अंगापेक्षा पेपरात जास्त वाजते. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, हे वाचल्याशिवाय आमचा चहा घशाखाली उतरत नाही. आकडा महाबळेश्वरपेक्षा कमी असला, तर तो आपणच खाली ओढून आणल्याच्या थाटात व्हॉट्सअॅपवर टाकतो. तिकडे बागायतदार मात्र द्राक्षांच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून जागत असतो. त्याच्यासमोर बोनेटचं रडगाणं गाणं बरं दिसत नाही, म्हणून इथे गातोय.

“पण थंडीतच कशाला?” बायकोचा प्रश्न. पावसाळ्यात हे जमत नाही. एप्रिल-मेमध्ये पत्रा इतका तापतो की पॉलिश लावता लावताच वाळून चिकटतं. दिवाळीच्या आधी घरातला प्रत्येक धडधाकट पुरुष माळ्यावर असतो. उरला जानेवारी. त्यातून रविवारी आमच्याकडे हळदीकुंकू. संक्रांतीला काळा रंग चालतो, बायका हौसेने काळ्या साड्या नेसून येतात. आमच्या काळ्या गाडीनेही त्या दिवशी जरा मिरवावं, एवढीच माझी माफक इच्छा.

काळ्या गाडीवर काही लपत नाही. सोसायटीत गाड्या पुसणारा पोरगा पहाटे एक बादली आणि एक फडकं घेऊन अख्खी विंग उरकतो. आमचा नंबर शेवटून दुसरा. आधीच्या सगळ्या गाड्यांची माती तो आमच्या गाडीवर मनापासून घासतो, आणि ऊन पडलं की बोनेटवर गोल गोल ओरखड्यांचं जाळं लखलखतं. रंगावरचा पारदर्शक थर असतो साधारण ४०-५० मायक्रॉनचा, केसापेक्षाही पातळ. पॉलिश त्यातलाच किंचित थर घासून ओरखडे सपाट करतं आणि मग सीलंट वरून पांघरूण घालतं. हे मी बायकोला नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे गाडी झिजवायला बसताय.” तांत्रिकदृष्ट्या तिचं बरोबर होतं.

रविवारी सकाळी गाडी धुवायला घेतली. गच्चीवरच्या टाकीचं पाणी रात्रभर आभाळाखाली गार होत पडलेलं. त्यात पहिल्यांदा हात घातला तेव्हा बोटं दुखली, दुसऱ्यांदा घातला तेव्हा बोटं होती की नाही ते कळेना. त्यानंतर क्ले. धुऊनही पत्र्याला चिकटून राहणारे कण उचलणारी ही मऊ वडी थंडीत इतकी कडक होते, की ती फिरवली तर नवे ओरखडे पडायचे. तिला गरम पाण्यात टाकून मळावं लागतं. मी पातेलं घेऊन जिना उतरत होतो, तेवढ्यात वरून आवाज आला, “अहो, ते दुधाचं आहे!”

पॉलिश हाताने घासायचं असल्याने थंडीचा प्रश्न तिथे आपोआप सुटला. एक दरवाजा होईपर्यंत स्वेटर निघाला, दुसऱ्याला कानटोपी. खरा छळ सीलंटचा. उबदार हवेत ते लावलं की त्यातलं द्रावण उडून जातं, दहा-पंधरा मिनिटांत पांढुरकी साय धरते, ती मऊ कापडाने पुसली की चकाकी. थंडीत ते द्रावण उडतच नाही. बाटलीतून सीलंट बाहेर आलं तेच थिजलेल्या साजूक तुपाच्या चालीने. लावलं, थांबलो, बोट फिरवून पाहिलं. बोट फिरवलं की खाली स्वच्छ चमक दिसली पाहिजे, तरच पुसायचं, असा नियम आहे. मला तिथे माझंच बोट लांबलेलं दिसलं. अजून थांबलो. पुन्हा बोट. शेवटी बोनेटवर माझ्या बोटांच्या खुणाच इतक्या झाल्या की सोसायटीत चोरी झाली असती तर पोलिसांनी दुसरीकडे पाहिलंच नसतं.

बाटली कोमट करावी म्हणून मी ती पुन्हा चढवलेल्या स्वेटरच्या आत धरून पायरीवर बसलो. दुसऱ्या मजल्यावरचे काका दूध घेऊन येत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्वेटरमधून डोकावणाऱ्या बाटलीच्या मानेकडे पाहिलं.

“सकाळी सकाळी?” त्यांनी विचारलं.

“थंडी आहे ना काका.”

याहून वाईट उत्तर त्या क्षणी शोधूनही सापडलं नसतं.

या काकांना छताखालचं पार्किंग मिळालंय. त्यांच्याकडे गाडी नाही. तिथे एक सोफा आणि बांधून ठेवलेल्या गाद्या असतात, आणि त्यांच्यावर कधी दव पडत नाही. माझी जागा उघड्यावर. रात्री निरभ्र आभाळाखाली पत्रा आपली उष्णता वर सोडत राहतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतो; म्हणून जमीन कोरडी दिसली तरी गाडीचं टप सकाळी निथळत असतं. मी काकांना एका रात्रीपुरती जागा मागितली. ते म्हणाले, “सोफ्याचं काय करू?” या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

मग हेअर ड्रायर आणला. वॉचमन मामांच्या केबिनमधून वायर ओढली आणि पत्रा शेकायला सुरुवात केली. दोन मिनिटांत मामा हात शेकायला उभे राहिले, मग रोज शाळेच्या बससाठी उभं राहायच्या सवयीने तीन-चार पोरं. सेक्रेटरी आले आणि ते कॉमन मीटर असल्याचं मला सांगून, जाता जाता स्वतःचेही हात शेकून गेले.

अकरानंतर मात्र हवा खरंच छान झाली. बी विंगची सावली गाडीवर, पत्रा गार, हवा कोरडी. बाटलीवरचं हवामान शब्दशः खाली उतरलं होतं. मी पटापट हात चालवले. पातळ थर, उभा-आडवा, एका वेळी एकच भाग. पण सावली बी विंगची होती, माझी नव्हती. ती सरकत गेली आणि डाव्या अंगाला ऊन आलं. तिकडे सीलंट लगेच सुकून घट्ट बसलं, उजवीकडे अजून ओलंच. एकाच गाडीच्या दोन बाजूंना दोन ऋतू. मी गाडीभोवती धावत डावीकडे खरवडत होतो आणि उजवीकडे फुंकर घालत होतो.

दुपारी तीनला काम झालं. अतिशयोक्ती करत नाही, गाडीच्या दारात वाकून बघत भांग पाडता येत होता. आता पहाटे तीनपर्यंत पाणी लागायचं नव्हतं. दवासाठी दोन कव्हरं काढून ठेवली, कबुतरांसाठी मामांना काठी दिली, पोरांना तिळाच्या वड्या देऊन क्रिकेट मागच्या बाजूला हलवलं. सगळ्या वाटा बंद.

पाचच्या सुमाराला बायका यायला लागल्या. पंचवटीहून माझी आत्या आली. रिक्षातून उतरली आणि गाडीसमोर थबकली.

“अगं बाई सूनबाई! नवीन गाडी घेतलीत आणि सांगितलं नाही?”

मागे कॉलनीतल्या आठ-दहा जणी. बायकोने गाडीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि जे हसू हसली त्याला नकार म्हणता येत नाही. मी वरच्या गॅलरीतून “आत्या, थांब!” असं ओरडेपर्यंत तिने कुणाच्या तरी हातातल्या तांब्यात बोट बुडवून, कुंकवात फिरवून, बोनेटवर ठसठशीत स्वस्तिक काढलं होतं. त्यावर हळद, त्यावर अक्षता, आणि चार बाजूंना पाण्याची चार बोटं.

मी कापड घेऊन खाली धावलो. “पुसतोस काय!” आत्या कडाडली. मी ते कापड खिशात ठेवलं.

“पेढे कुठायत?” एकीने विचारलं.

बायको मला जिन्यापाशी घेऊन गेली.

“पाव किलो पुरतील?” मी विचारलं.

“नवीन गाडीचे आहेत,” ती हळूच म्हणाली. “एक किलो आणा. आणि रिक्षाने जा, नारळ फोडल्याशिवाय गाडी हलवायची नाही म्हणतायत आत्या.”

मी गेटपर्यंत पोचलो तेव्हा आत्याची हाक आली, “येताना नारळ घेऊन ये रे! पाणी भरपूर असलेला बघ, चारी चाकांवर शिंपडायचंय!”