हिरवा ठिपका

मागच्या महिन्यात ऑफिसातून माझ्या नावाचा एक रिपोर्ट आला. त्यात एका दिवसापुढे लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'आयडल टाइम : २ तास ४० मिनिटं'.

तो दिवस मला चांगला आठवतो. हिशोबातली एक रक्कम तीन दिवस जुळत नव्हती. शेवटी मी प्रिंटआउट काढले, पेन्सिल घेतली आणि ओळ न् ओळ ताडून पाहिली. चूक सापडली. तेवढा वेळ माऊसला हात लागला नव्हता, एवढंच. साहेबांनी विचारलं, "इतका वेळ कुठे होता तुम्ही?" रक्कम जुळली का, हे विचारलंच नाही.

तेव्हापासून पाणी प्यायला उठतानाही मी आधी माऊस हलवते. शेजारची मैत्रीण क्लायंटशी फोनवर बोलताना दुसऱ्या हाताने मधूनमधून स्पेसबार दाबत असते. पाच मिनिटं हात थांबला की स्क्रीनवर नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो, आणि लगेच मेसेज येतो.

माझ्या आधीच्या मॅनेजर रोज सकाळी टेबलापाशी यायच्या. "कुठे अडलंय का?" एवढंच विचारायच्या. प्रत्येकाचं काम त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कोण खरंच टंगळमंगळ करतंय तेही त्यांना बरोबर कळायचं. आताच्या साहेबांना माझं काम नेमकं काय, ते सांगता येणार नाही. मग त्यांच्या हाती उरतो तो ठिपका.

रजेचंही तेच. ताप होता म्हणून एक दिवस मागितला. "किती ताप आहे? घरून दोन कॉल घेता येतील ना?" १०२ ताप अंगात घेऊन मी ते कॉल घेतले. सिक लीव्ह संपल्या होत्या, म्हणून दिवस पूर्ण कापला, तोही वार्षिक सुट्टीतून! आजारपणाचे दिवस वार्षिक सुट्टीच्या ठरलेल्या किमान दिवसांत धरू नयेत, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७० च्या करारात लिहिलेलं आहे. पन्नास वर्षं उलटून गेली त्याला.

आणि हे असं विचारणं कुठवर जातं बघा. जर्मनीत न्यूरेंबर्गला एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीच्या सेवा केंद्रात आजारपणाहून परतलेल्यांशी वरिष्ठ गप्पा मारायचे आणि त्यांची लक्षणं, निदान सगळं लिहून ठेवायचे. २०१९ मध्ये तांत्रिक चुकीने त्या नोंदी काही तास कंपनीभर उघड्या पडल्या, तेव्हा कुठे हे बाहेर आलं. पुढच्या वर्षी साडेतीन कोटी युरोंहून जास्त दंड झाला. त्या माणसांनी विश्वासाने सांगितलं असेल हो सगळं.

पुढच्या आठवड्यात माझं अप्रेझल आहे. तो रिपोर्ट घेऊन जाणार आहे, आणि पेन्सिलच्या खुणांचे ते कागदही.