स्थिरांक, सरासरी आणि ज्वाला: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

चिंचवडला तीस वर्षं बॉयलरवर काढलेल्या माणसाने इतकं सविस्तर लिहिलं, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचा आक्षेप असा: ज्वालेच्या सिम्युलेशनमधले, म्हणजे संगणकावर ज्वालेचं गणित मांडतो त्यातले, स्थिरांक प्रयोग बघूनच बसवलेले असतात, त्यामुळे येणारं उत्तर हे भाकीत नसून नक्कल आहे.

आधी माझी चूक. ‘संगणकावर ज्वाला जशीच्या तशी दिसते’ हे मागच्या लेखातलं माझं वाक्य खोटं होतं. ते काढून टाकलं आहे.

आता स्थिरांक. के-एप्सिलॉन या खळबळाटी (भोवऱ्यांनी भरलेल्या) प्रवाहाच्या मॉडेलमधले ०.०९, १.४४, १.९२ हे आकडे मोजमापांवरूनच आले, पण अगदी साध्या प्रवाहांच्या. १९७०च्या दशकात ते ठरले आणि दर बर्नरला बदलायचे नाहीत, हाच नियम. उत्तर जुळेपर्यंत ते फिरवलेले अहवाल मीही पाहिलेत. तिथे तुमचा शब्द न् शब्द खरा आहे.

मग मॉडेल हवंच कशाला? रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती खळबळाटी आहे याचं माप) एक लाख असेल, तर सगळ्यात बारीक भोवऱ्यापर्यंत पोचायला गणिताच्या जाळीचे साधारण १८ हजार कोटी बिंदू लागतात. वर रसायनशास्त्र: नुसत्या मिथेनसाठी सर्रास वापरतात त्या अभिक्रियांच्या यादीत ५३ घटक आणि ३२५ अभिक्रिया आहेत. भट्टीसाठी हा हिशेब परवडत नाही, म्हणून वेग, तापमान यांची सरासरी घ्यावी लागते.

आणि खरी अडचण या सरासरीतच आहे, स्थिरांकांत नाही. समजा एका जागी तापमान निम्मा वेळ १००० केल्विन आणि निम्मा वेळ २००० केल्विन असतं. सरासरी १५००. अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा (ती सुरू व्हायला लागणारी ऊर्जा) तापमानाच्या मापात २०,००० केल्विन धरून, म्हणजे वेग e^(−२०,०००/तापमान) या प्रमाणात घेऊन, १५००चा वेग काढा, आणि दोन्ही तापमानांचे वेग वेगवेगळे काढून त्यांची सरासरी घ्या. दुसरा आकडा पहिल्याच्या सुमारे १४ पट येतो! हे स्वतः कागदावर मांडून पाहा. मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा रात्रभर तेच डोक्यात होतं. खळबळाटी ज्वलनाचं प्रत्येक मॉडेल या चौदापटीशीच झगडत असतं.

ज्वलनाचे अभ्यासक स्पाल्डिंग यांनी १९७१मध्ये वाट काढली: रसायन झटपट उरकतं, म्हणून ज्वलनाचा वेग भोवरे किती लवकर फुटून मिसळतात त्यावरच ठरवायचा. मुख्य ज्वालेला हे बऱ्यापैकी लागू पडतं. पण कार्बन मोनॉक्साइड (सीओ) सावकाश जळतो, आणि ज्वाला विझायला आली की रसायनच मागे पडतं. म्हणून असल्या मॉडेलमधून आलेल्या भट्टीच्या तापमानावर मी विसंबेन, सीओच्या आकड्यावर नाही. मागच्या लेखात हा फरक मी सांगायलाच हवा होता.

नक्कल की भाकीत, हे आपण दोघं मिळून तपासू. तुम्ही बर्नरची मापं आणि पूर्ण व निम्म्या लोडवरचे इंधन-हवेचे प्रवाह कळवा. भट्टीतलं तापमान आणि फ्लू गॅसचं (धुराड्यातून जाणाऱ्या वायूचं) रीडिंग मात्र तुमच्याकडेच ठेवा. माझे आकडे मी आधी इथे टाकतो, मग तुम्ही तुमचे टाका.