गल्ल्यात आठ हजार, यादी वीस हजारांची

किराणा दुकानातल्या मालाची यादी सांभाळणाऱ्या आमच्या अ‍ॅपबद्दलची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही रागाने लिहिलंय आणि तो राग आपल्या माणसाबद्दलच्या काळजीतून आलाय, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वडील बार्शीत तीस वर्षं किराणा दुकान चालवतात, कुठला माल किती उरलाय हे त्यांना फळीकडे न बघता सांगता येतं. गिऱ्हाईक समोर उभं असताना पाव किलो साखर मोबाइलवर कोण नोंदवत बसणार? आणि असली अ‍ॅप्स शेवटी दुकानदाराची माहिती कंपन्यांना विकायलाच काढलेली असतात.

नोंदीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. आमची पहिली आवृत्ती प्रत्येक विक्री नोंदवायला लावायची. ती घेऊन मी एका दुकानात सलग चार संध्याकाळी बसलो. साडेसहाला गर्दी सुरू झाली की शाम्पूच्या लडीतून दोन पाऊच तोडून द्यायचे, एका हाताने शेंगदाणे तोलायचे, तेवढ्यात कुणीतरी पैसे आले का विचारतंय, कुणी मागच्या उधारीचं बोलतंय. बंद पाकिटावर बारकोड असतो, 890 ने सुरू होणारा 13 आकडी. तो स्कॅन करता येतो. पण सुटी साखर, पोहे, चणाडाळ यांना कसला बारकोड? 50 किलोचं पोतं येतं आणि पाव-पाव किलोने जातं. थोडी साखर सांडते, थोडी घरात वापरली जाते, ओळखीच्या गिऱ्हाइकाला चार दाणे जास्त पडतात. चौथ्या दिवशी मोबाइल सांगत होता 18 किलो, आणि पोत्यात मला तळ दिसत होता. खोटा आकडा दाखवण्यापेक्षा आकडा न दाखवलेला बरा. विक्रीची नोंद आम्ही तेव्हाच काढून टाकली.

मग दुकानदार आधीपासून काय करतात ते पाहिलं. बिस्किटांच्या बॉक्सचा पुठ्ठा फाडून खिळ्याला अडकवलेला असतो. माल संपत आला की त्यावर लिहायचं: साखर 1 पोतं, शें. तेल 2 डबे, तू. डा. अर्धा कट्टा. आता अ‍ॅप फक्त तो पुठ्ठा सांभाळतं. बोलून सांगितलं तरी चालतं. ‘दीड’ आणि ‘अडीच’ नीट ऐकायला शिकवण्यात आमचे दोन महिने गेले, कारण कुठलाही दुकानदार ‘एक पूर्णांक पाच’ म्हणत नाही. माल उतरला की तेवढीच आवक नोंदवायची. दिवसाच्या शेकडो विक्रींऐवजी आठवड्याच्या पंचवीस-तीस ओळी. दोन पोत्यांमध्ये किती दिवस गेले यावरून साखर किती खपते ते पुरेसं कळतं.

आता वडिलांच्या स्मरणशक्तीबद्दल. तिच्याविषयी मला आदर आहे, पण इथे मी तुमच्याशी सहमत नाही. काय संपलंय हे त्यांना आठवतं. पैसे कुठे अडकलेत हे मात्र कुणी विचारत नाही, म्हणून ते आठवायची वेळच येत नाही. सेल्समन त्याच्या ठरलेल्या वारी येतो, ‘बारावर एक फ्री’ची स्कीम सांगतो आणि साबणाच्या दोन पेट्या जास्तीच्या उतरतात. एका दुकानात आम्ही दुपारच्या वेळी वरच्या फळीवरचा माल खाली काढला: साबण, बूट पॉलिश, धूळ बसलेल्या अगरबत्त्या. खरेदीच्या भावाने अकरा हजारांच्या वर भरला, चार महिन्यांत हात न लागलेला. त्याच आठवड्यात दुकानात तूरडाळ निम्मीच आली होती, कारण गल्ल्यात आठ हजार होते आणि यादी वीस हजारांची होती. दुकानाच्या मालक काकू बराच वेळ त्या ढिगाकडे बघत राहिल्या.

अ‍ॅपने खरं काम करायचं ते इथे. हातात रोकड किती हे दुकानदाराने सांगायचं आणि त्यात आज काय आणायचं, काय चार दिवस थांबेल, हे यादीने दाखवायचं. यात एक चकवा आहे. नफ्याच्या टक्क्यांनी यादी लावली की साखर, तेल तळाला जातात, कारण त्यात सुटतं फार थोडं. पण साखर नाही म्हटलं की गिऱ्हाईक पूर्ण यादी घेऊन शेजारच्या दुकानात जातं आणि पुढच्या महिन्यात तिथूनच सुरुवात करतं. म्हणून साखर, तेल, मीठ, चहा पावडर आम्ही नफ्याच्या हिशोबाबाहेर ठेवली. ती खोडायची असेल तर दुकानदारानेच खोडायची.

एका बाबतीत मात्र वडिलांची बाजू वरचढ आहे. ‘मागच्या वर्षी याच आठवड्यात’ हा हिशोब संक्रांतीच्या तीळगुळाला चालतो, दिवाळीला फसतो. लक्ष्मीपूजन 2023 ला 12 नोव्हेंबरला होतं, 2024 ला 1 नोव्हेंबरला, 2025 ला 21 ऑक्टोबरला. रवा-मैदा तारखेने भरला तर चुकणारच, म्हणून आम्ही तिथी धरल्या. तरीही त्याच काकूंनी विचारलं, “अधिक महिन्याचं काय?” जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं तर खसखस लागते. ती महाग, म्हणून एरवी दुकानात थोडीच असते. 2023 मध्ये अधिक श्रावण 18 जुलैला लागला, 2026 चा अधिक ज्येष्ठ 17 मेपासून. मधल्या दोन वर्षांच्या नोंदी कितीही चाळल्या तरी ही मागणी त्यात सापडत नाही. काकूंना ती पाठ होती. अ‍ॅपमध्ये ती त्यांच्यामुळे आली.

माहितीच्या विक्रीची तुमची शंका रास्त आहे. जो स्वतः माल विकतो त्याचं अ‍ॅप त्याला खपवायचा माल आधी सुचवणार, हे उघड आहे. आम्ही माल विकत नाही. यादी दुकानदाराच्या फोनमध्येच राहते आणि तो म्हणेल त्या होलसेलवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपने जाते. उधारीची वही आम्ही मुद्दाम घेतली नाही. त्यात गिऱ्हाइकांची नावं असतात. आम्हाला पैसे दुकानदार देतो, दुसरं कुणी नाही.

वडिलांना अ‍ॅप वापरायला सांगू नका. माझ्यासाठी फक्त एक विचारा: गल्ल्यात पैसे कमी असतात तेव्हा यादीतलं पहिलं काय खोडता, आणि काय कधीच खोडत नाही? एखादा जुना पुठ्ठा अजून खिळ्याला असेल तर त्याचा फोटो पाठवा, खोडलेल्या ओळी वाचता येतील असा.