‘नका’ राहून गेलं

मराठीत एक मोठी गैरसोय आहे. ती माझ्या लक्षात आली वयाच्या ४५व्या वर्षी, भोसरीतल्या एका गाळ्यात, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसमोर बसलेली असताना. आपला नकार वाक्याच्या शेपटाला असतो. ‘ते बिल पाठवू नका’ म्हणताना शेवटचा शब्द तोंडातून पडेपर्यंत काहीच ठरलेलं नसतं. त्याच्या आधी कुणी वाक्य तोडलं तर हातात उरतं, ‘ते बिल पाठवू’. म्हणजे चक्क होकार. तोही आपुलकीचा.

आमच्या अकाउंट्समध्ये माणसं दोनच. एक मी. दुसऱ्यांना मी कळलंराव म्हणते, अर्थात मनात. वाक्याचं एक टोक दिसलं की दुसरं आपल्याला आपोआप दिसतं, असा त्यांचा ठाम विश्वास आहे. ‘कळलं, कळलं’ असं ते नेहमी दोनदा म्हणतात. एकदा माझ्यासाठी आणि एकदा स्वतःसाठी असावं. मी ‘मला वाटतं, आपण...’ अशी सुरुवात केली की ते ‘चहा घेऊ’ असं वाक्य पुरं करतात, चहा सांगतात आणि पैसेही तेच देतात. त्यामुळे चिडायची फार पंचाईत होते. आलं ठेचून घातलेला कडक चहा हातात असताना समोरच्याशी भांडणार कसं?

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी रजेचं बोलायला गेले. ‘आईच्या गुडघ्या...’ इथपर्यंतच पोचले. ‘आमच्या आत्याचे दोन्ही बदलले! आता जिना चढते टणाटण.’ पुढची २० मिनिटं मी त्यांच्या आत्याचे गुडघे ऐकले. ऑपरेशनच्या दिवशी मी आले नाही तेव्हा कळलंरावांनी सगळ्यांना सांगितलं म्हणे, मॅडमच्या आत्या आजारी आहेत.

इथवर ठीक होतं. मग मार्च आला.

आमच्या एका गिऱ्हाइकाचे दोन कारखाने. एक चाकणला, एक गुजरातेत सानंदला. नाव एकच, जीएसटी नंबर दोन. १५ अक्षरी नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात, २७ म्हणजे महाराष्ट्र आणि २४ म्हणजे गुजरात. आमचा माल चाकणला गेला तर केंद्राचा ९ टक्के सीजीएसटी आणि राज्याचा ९ टक्के एसजीएसटी, सानंदला गेला तर सरळ १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीचा. बेरीज तीच, पण सरकारदरबारी कप्पे वेगळे. चुकीच्या कप्प्यात टाकलेला पैसा बाहेर काढणं म्हणजे विहिरीत पडलेली बादली काढणं. गळ लागतो, दोरी लागते आणि बघायला गर्दी जमते.

शनिवार होता. पर्स खांद्याला लावून मी दारात उभी. म्हटलं, ‘सानंदच्या बिलाला चाकणचा नंबर लावू...’

‘लावतो! कळलं, कळलं. निघा तुम्ही, बस जाईल तुमची.’

बसची काळजी अगदी खरी होती. मी निघाले. ‘नका’ माझ्या जिभेवर बसून निगडीपर्यंत आलं.

रात्री आठ वाजता कळलंरावांनी बिल केलं, मालाच्या वाहतुकीचं ई-वे बिल काढलं आणि टेम्पो रवाना केला. थांबून, जादा वेळ बसून. (कामचुकार असते तर मी वाचले असते.) सोमवारी सकाळी दहाला ड्रायव्हरचा फोन आला. ‘मॅडम, मी चाकणच्या गेटवर आहे. वॉचमन म्हणतो, हा माल आमचा नाही.’ आवाजात तक्रार नव्हती. गाडी भरताना त्याला गुजरात सांगितलं होतं आणि हातात कागद पडला तो चाकणचा. रविवार त्याने गेटबाहेर झोपून काढला होता. घाईही नव्हती त्याला, चाकणच्या ट्रॅफिकमधून आत शिरायचं म्हणजे निम्मं गुजरात गाठल्यासारखंच.

ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदलेलं बिल, तिथून रद्द करायला २४ तास मिळतात. आमचं ३८ तासांचं झालं होतं. मग चुकलेलं बिल फिरवणारी क्रेडिट नोट, नवं बिल, नवं ई-वे बिल आणि शेठसमोर खाली मान घालून उभं राहणं. कळलंरावांची मान मात्र ताठ. ‘मॅडमच म्हणाल्या, लावू.’ आणि खोटं काय त्यात? म्हणालेच होते.

मग मी लिहून द्यायला लागले. पिवळ्या चिठ्ठ्या, त्यांच्या मॉनिटरच्या कडेला. पण कळलंराव चिठ्ठीसुद्धा ऐकल्यासारखीच वाचतात. पहिली ओळ संपली की ‘कळलं’. उरलेली चिठ्ठी चहाच्या कपाखाली.

शेवटी एका रात्री भाकरी थापताना उपाय सुचला. नकार शेवटी येतो ना? मग आणायचा पुढे. दुसऱ्या दिवसापासून मी सुरू केलं, ‘नका! नका पाठवू ते बिल.’ ‘नका! नका करू ती एन्ट्री पास.’ ऑफिसात अभंग चालल्यासारखं वाटायचं. शेठनी एकदा केबिनमधून डोकावून पाहिलं. पण गुण आला. ‘नका’ ऐकलं की कळलंराव कीबोर्डवरून हात उचलायचे. महिनाभर एकही बिल भरकटलं नाही. घरी मात्र सवय लागली. ‘नको! नको टाकू टॉवेल पलंगावर’ असं मी मुलाला म्हटलं, तर सासूबाई देवघरातून म्हणाल्या, ‘अगं, धड बोल की, घाबरतो तो.’

एप्रिलचा ३बी, म्हणजे जीएसटीचा महिन्याचा रिटर्न, २० मेपर्यंत भरायचा होता. मी दिवसभर बँकेत. जाताना दारातूनच सांगितलं, ‘नका विसरू, आज थ्रीबी...’

तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं.

रात्री सव्वाअकराला पोर्टल उघडलं. रिटर्न जागेवरच. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी आणि भरायच्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. फोन लावला. कळलंराव झोपेतून उठले, पण पहिल्या रिंगला उचलला. ‘मॅडम, तुम्हीच म्हणालात, नका. मी हात नाही लावला.’ आवाजात अभिमान होता, आज्ञा पाळल्याचा.

भांडायला वेळ नव्हता. आकडे तयार होते, लॅपटॉप उघडून मीच भरायला बसले. चलन झालं, कर भरला गेला. ११ वाजून ५२ मिनिटांनी पोर्टलने ओटीपी मागितला. तो जातो ऑफिसच्या मोबाइलवर आणि तो मोबाइल रात्री कळलंरावांकडे असतो. पुन्हा फोन लावला.

‘ऑफिसच्या मोबाइलवर ओटी...’

‘कळलं, कळलं! आलाय. घ्या. चार, सात, शून्य, दोन.’

ओटीपी सहा आकडी असतो. फोन त्यांनी ठेवला होता.